अक्कांचे जास्तीचे गेट

अक्कांना लिफ्ट कुठे आहे ते बघावे लागत नसे. त्यांना ते ऐकू येई.

हॉस्पिटलच्या गच्चीवर लिफ्टची खोली होती. मधोमध मोटर, तिच्यावरून खाली आठ मजले उतरत गेलेले तारेचे जाड दोर, आणि भिंतीला टेकून माणसाहून उंच लोखंडी कपाट. त्या कपाटात चौसष्ट रिले ओळीने बसवलेले होते. रिले म्हणजे काडेपेटीएवढी डबी. वीज आली की आतली पट्टी टक् करून ओढली जाते, वीज गेली की टक् करून सुटते. एवढेच तिचे काम. पण लिफ्टने वर जायचे की खाली, थांबायचे की निघायचे, हे अशा चौसष्ट डब्या मिळून ठरवत. नव्या माणसाला ती नुसती टकटक वाटे. अक्का मात्र कपाटाकडे पाठ करून स्क्रू आवळता आवळता म्हणत, "पाचव्यावर कुणीतरी चार वेळा बटण दाबतंय. अरे बाबा, एकदा दाबलं तरी पोचतं मला!"

एकतीस वर्षे हे चालले होते. अक्कांचे वडीलही लिफ्टचेच मेकॅनिक, त्यामुळे घरात भांडीकुंडी कमी आणि पाने-पक्कड जास्त, अशा घरात त्या वाढल्या. अंगाने बारीक, आवाजाने मोठ्या. त्यांच्या निळ्या कोटाला चार खिसे होते: एकात टेस्टर, एकात खडू, एकात चष्मा आणि चौथ्यात पेपरमिंटच्या गोळ्या. गोळ्या लिफ्टमध्ये अडकलेल्यांसाठी. अडकलेला माणूस सुटला की भांडायला तोंड उघडतो. त्या उघड्या तोंडात गोळी द्यायची, हा अक्कांचा नियम होता आणि तो कधी फसला नव्हता.

दुसरा नियम डब्याचा. बिघडलेला भाग त्या फेकत नसत. बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात तो जाई, आणि त्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली असे: कितवा मजला, कोणती तारीख, काय झाले होते. तुटलेल्या स्प्रिंगा, जळलेल्या गुंडाळ्या, झिजलेल्या पट्ट्या. अक्कांचे यजमान त्या डब्याला 'हिचं माहेर' म्हणत.

एका सोमवारी सूचनाफलकावर कागद लागला. लिफ्टचे जुने कपाट काढून कॉम्प्युटरवर चालणारे नवे पॅनल बसवणार. देखभाल हॉस्पिटलच्याच मेकॅनिककडे राहील. मात्र त्याने पॅनल बनवणाऱ्या कंपनीचे सहा आठवड्यांचे प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास केली पाहिजे. परीक्षा एकदाच. पास न झाल्यास तळघरातल्या पंपघरात बदली, आणि लिफ्टसाठी बाहेरून माणूस.

अक्कांनी तो कागद तीनदा वाचला. मग चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला. पंपघर त्यांनी पाहिले होते. तिथे दोन पंप होते आणि ते दिवसभर एकाच सुरात घुर्रघुर्र करत. ऐकण्यासारखे काहीच नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर त्या मटार सोलायला बसल्या आणि सोललेले दाणे टोपलीत, सालपटे पातेल्यात टाकू लागल्या. यजमान समोरच पेपर वाचत होते. बस चालवण्याची नोकरी करून ते दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते, आणि तेव्हापासून घरातली सगळी रहदारी तेच बघत.

"अगं, आज सालपटांची भाजी का?"

अक्कांनी पातेल्यात पाहिले आणि मुकाट्याने खिशातून कागद काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो मोठ्याने वाचला. स्वयंपाकघराच्या दारात सूनबाई उभी होती, तिनेही ऐकला.

या सूनबाईविषयी सांगितले पाहिजे. मुलगा मालवाहू जहाजावर होता आणि लग्नानंतर पंचविसाव्या दिवशी तो समुद्रावर गेला, तो अजून चार महिने तरी येणार नव्हता. मागे राहिल्या सासू आणि सून, एकमेकींशी फार अदबीने वागणाऱ्या. "चहा घेणार का आई?" "घेते की." "साखर पुरे?" "पुरे." इतक्यावर गाडी थांबे. सून एका शाळेत कॉम्प्युटर शिकवत असे. संध्याकाळी ती टॅबलेट घेऊन एका कोपऱ्यात बसे, बोटाने काहीतरी इकडून तिकडे ओढे, आणि मधूनच स्वतःशी "हं, आता बघते तुला" असे म्हणे. अक्कांना वाटे, पोरगी नवऱ्याला पत्र लिहीत असेल. विचारणे बरे दिसले नसते.

सूनबाईने कागद हातात घेतला. मागच्या बाजूला अभ्यासक्रम छापलेला होता. तो वाचता वाचता तिचे डोळे मोठे झाले.

"आई, परीक्षा कोड्यांवर आहे! गेट जोडून सर्किट बनवायची कोडी. हा खेळ तर मी रोज खेळते!"

"खेळ? आणि मी समजत होते..." अक्का थांबल्या.

"काय समजत होतात?"

"काही नाही. दाखव बघू."

सूनबाईने मटार बाजूला सारून टॅबलेट टेबलावर ठेवला. पडद्यावर एकच छोटी आकृती होती, दोन तारा आत जाणाऱ्या, एक बाहेर येणारी.

"या खेळात सुरुवातीला एवढंच मिळतं. हे गेट. याला दोन कान आणि एक तोंड, असं समजा. दोन्ही कानांत 'हो' आलं, तर हे 'नाही' म्हणतं. एरवी कायम 'हो'. आता नुसत्या या गेटांनी बाकीचं सगळं बनवायचं. आधी साधी सर्किटं, मग बेरीज करणारं, मग लक्षात ठेवणारं, आणि शेवटी अख्खा कॉम्प्युटर."

"एकट्याने विचारलं तर हो, दोघांनी मिळून विचारलं की नाही," यजमान म्हणाले. "हा तर माझा मेव्हणा!"

"माझ्या भावाला मध्ये आणू नका," अक्का म्हणाल्या. पण नजर पडद्यावरून हलली नाही. थोड्या वेळाने त्यांनी मटाराची एक शेंग उचलली, तिच्याशेजारी दुसरी ठेवली. "दोन रिले. दोघांच्याही एरवी मिटलेल्या पट्ट्या शेजारी शेजारी जोडायच्या. एक ओढली गेली तरी दुसरीतून वाट मोकळी. दोन्ही ओढल्या गेल्या, तरच वाट बंद. हेच ना तुझं गेट?"

सूनबाई त्या दोन शेंगांकडे बघत राहिली. तिला गेट माहीत होते, रिले म्हणजे काय ते माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी अक्कांनी 'माहेरा'तून चार जुने रिले आणून ते चालते केले, बॅटरी आणि दारावरची जुनी घंटी आणली, आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर सासू-सुनेची शाळा भरली. त्यात गुरू कोण आणि शिष्य कोण, हे दर दहा मिनिटांनी बदलत असे.

सकाळी चष्मेवाले साहेब शिकवत. हे कंपनीचे प्रशिक्षक: वय जेमतेम अठ्ठावीस, जाड काड्यांचा चष्मा, बोलणे हळू आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "कळलं का मॅडम?" अक्कांना कोणी मॅडम म्हटले की त्या मागे वळून बघत, आपल्यामागे कोण उभे आहे म्हणून. साहेब शिकवत ते कागदावर पटे, पण हाताला समजत नसे. हाताला ते संध्याकाळी समजे, टक् आवाज आल्यावर.

खेळातली कोडी एकेक करून सुटत गेली. लक्षात ठेवणारे सर्किट आले, तेव्हा सूनबाईने आधीच बजावले, "आई, हे अवघड आहे हं. मी तीन दिवस घालवले यावर. बटण दाबून सोडून दिलं तरी दिवा लागलेला राहिला पाहिजे."

अक्कांनी दोन गेट ओढली, पहिल्याचे तोंड दुसऱ्याच्या कानाला आणि दुसऱ्याचे पहिल्याच्या कानाला जोडले, आणि चहाचा घोट घेतला. पडद्यावर तीन तारे चमकले.

सूनबाई उठून उभी राहिली. "कसं?"

"अगं, लिफ्टचं बटण दाबून तू हात काढून घेतेस, पण आतला दिवा लागलेलाच राहतो ना? तो काय तुझ्यावरच्या प्रेमानं राहतो? रिले आपल्याच पट्टीनं आपल्याला धरून ठेवतो. माझ्या कपाटात असे बावीस आहेत."

"तीन दिवस, आई! तीन दिवस घालवले मी!"

"आधी विचारायचं होतंस."

"तेव्हा आपण बोलत कुठे होतो?" सूनबाई बोलून गेली आणि जीभ चावली. मग दोघीही हसल्या, आणि त्यानंतर 'साखर पुरे का' हा प्रश्न त्या घरात कोणी विचारला नाही.

अक्का अडल्या त्या घड्याळापाशी. कॉम्प्युटरच्या आत एक ठोका पडत असतो आणि सगळे जण त्या ठोक्यालाच हलतात, मधल्या वेळात नाही, हे त्यांच्या पचनी पडेना. रिले कधी ठोक्याची वाट बघत नाही. वीज आली की ओढला गेला. चार दिवस त्या एकाच कोड्यावर चिडत होत्या.

"खबर पोचलीय ना त्याला? मग थांबलंय कशासाठी? मुहूर्त बघतंय का?"

यजमान पेपरातून म्हणाले, "घंटीसाठी थांबलंय. थांब्यावर बस उभी असते तेव्हा माणसं चढतात, उतरतात, एक जण चढून परत उतरतो, पिशवी विसरली म्हणून. ड्रायव्हर बघतो का तिकडे? कंडक्टरनं घंटी दिली की त्या क्षणी जो आत, तो आत. जो बाहेर, तो बाहेर. पुढच्या घंटीपर्यंत बदल नाही."

अक्कांनी टॅबलेट पुढे ओढला.

"बाबा," सूनबाई म्हणाली, "हे मी उद्या वर्गात सांगणार आहे."

"सांग की. फक्त घंटी दिल्यावर पळत येणाऱ्यांना काय काय बोलायचो, ते सांगू नकोस."

अक्कांनी कोडे अर्ध्या तासात सोडवले. पण यजमानांचे कौतुक करण्याची चूक केली नाही. नाहीतर आठवडाभर बसच्याच गोष्टी ऐकाव्या लागल्या असत्या.

खरी कटकट ताऱ्यांची होती. कोडे सुटले की तारे मिळत. सर्वांत कमी गेट वापरली तर तीन, एखादे जास्त झाले तर दोन. लिफ्टच्या परीक्षेतही हाच हिशेब होता: सहा कोडी, अठरा तारे, पास व्हायला सोळा हवेत. आणि अक्कांच्या सर्किटात कुठे ना कुठे एक जास्तीचे गेट निघेच. कपडे धुण्याच्या यंत्राचे कोडे होते. पाणी भरले असेल आणि दार बंद असेल, तरच यंत्र फिरवायचे. अक्कांनी दार बंद आहे की नाही ते दोनदा विचारले.

"आई, एकदा विचारलंय ना? परत कशाला?"

"पहिला खोटं बोलला तर?"

"खेळात कुणी खोटं बोलत नाही."

"मग हा खेळ बनवणारा कधी अडकलेला नाही. असू दे ते गेट. जागा अडवतंय का?"

"तारा अडवतंय, आई!"

हे अक्कांना पटले नाही तरी कळले. परीक्षा आपल्या मनाप्रमाणे नसते. ज्याची परीक्षा, त्याचे नियम. सूनबाईने रोज संध्याकाळी त्यांना जास्तीचे गेट शोधून काढायला लावले. अक्का ते काढत, पण काढताना चेहरा असा करत, जणू कुणाच्या घराची कडी काढून नेत आहेत.

परीक्षा नर्सिंग शाळेच्या वर्गात झाली. कोपऱ्यात शिकवण्याचा सांगाडा उभा होता आणि कुणीतरी त्याच्या डोक्यावर टोपी घातली होती. अक्का एकट्याच परीक्षार्थी. चष्मेवाले साहेब लांब खिडकीपाशी बसले.

पहिल्या कोड्याला तीन तारे. दुसऱ्याला तीन. तिसऱ्यात, बेरजेच्या सर्किटात, एक गेट कुठे कमी करायचे ते काही केल्या सुचेना, दोन. चौथ्याला तीन. पाचव्याला पुन्हा दोन. अक्कांनी खडूने टेबलाच्या कडेवर बेरीज केली: तेरा. म्हणजे शेवटच्या कोड्याला तीनच हवेत. दोन मिळाले की पंपघर.

शेवटचे कोडे उघडले आणि अक्का खुर्चीत सरळ झाल्या. कोडे लिफ्टचे होते. चार तारा आत येत होत्या: कुणी बोलावले आहे का, दार बंद आहे का, दाराची कडी बसली आहे का, वजन जास्त झाले आहे का. लिफ्ट कधी हलावी, ते ठरवायचे. याहून सोपे काय? पाच मिनिटांत त्यांनी मांडले: बोलावणे आहे, दार बंद आहे, कडी बसली आहे, वजन जास्त नाही, चारही जमले तरच मोटर.

दोन तारे.

कोणत्या स्थितीत लिफ्ट हलावी ते सांगणारे कोष्टक कोड्यासोबत होते, ते त्यांनी पुन्हा वाचले. 'कडी बसली, पण दार उघडे' या ओळीपुढे बारीक अक्षरात लिहिले होते: 'असे कधीच होत नाही. इथे कोणतेही उत्तर चालेल.' अक्कांना मेख समजली. दार बंद झाल्याशिवाय कडी बसत नाही. मग कडी बसली म्हणजे दार बंद असणारच. मग दाराला विचारायचे कशाला? दाराची तार काढून टाकली की एक गेट वाचले. सूनबाई म्हणाली असती, "हेच ते, आई, काढा!"

अक्कांनी दाराची तार काढली. गेट काढले. तीन तारे चमकले. खाली हिरवे बटण आले: 'उत्तर द्या'.

दहा मिनिटे शिल्लक होती. अक्कांचे बोट बटणावर गेले आणि तिथेच राहिले. 'असे कधीच होत नाही.' त्यांना सहावा मजला दिसत होता. बोट मागे आले. त्यांनी पेपरमिंटची गोळी तोंडात टाकली, सांगाड्याकडे पाहिले, पुन्हा बोट पुढे नेले, पुन्हा मागे घेतले. एकतीस वर्षांत त्यांनी दाराला न विचारता लिफ्ट कधी सोडली नव्हती. खेळात सोडायची म्हटली, तरी हात तोच होता.

दोन मिनिटे उरली असताना त्यांनी दाराची तार परत जोडली, गेट परत बसवले, आणि दोन ताऱ्यांचे उत्तर देऊन टाकले.

साहेबांनी आपल्या पडद्यावर निकाल पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. माणूस चांगला होता.

"पंधरा. एका ताऱ्यानं हुकलं, मॅडम."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे?" त्यांनी पुन्हा पडद्यात पाहिले. कोणत्या क्षणी काय केले, ते सगळे तिथे नोंदलेले असे. "पण तुम्हाला तर तीन तारे मिळाले होते! तीन ताऱ्यांचं उत्तर मोडून तुम्ही दोन ताऱ्यांचं दिलंत?"

"हो."

"का?"

"साहेब, वर चला. इथे बसून सांगता नाही यायचं."

दोघे लिफ्टने वर गेले. खोलीत अक्कांनी बिस्किटांचा डबा खाली उतरवला आणि आतून लिफ्टच्या दाराचे मुठीएवढे लोखंडी कुलूप काढले. चिठ्ठी पिवळी पडली होती. साहेबांनी ती वाचली: 'सहावा मजला. स्प्रिंग तुटली. जीभ बाहेरच अडकली. दार उघडे, कुलूप म्हणते कडी बसली.' खाली एकोणीस वर्षांपूर्वीची तारीख.

"दाबून बघा ती जीभ," अक्का म्हणाल्या.

साहेबांनी अंगठ्याने दाबली. ती आत गेली नाही. दुसरा अंगठा लावला. तरी नाही.

"एक सिस्टर ढकलगाडी घेऊन निघाली होती. गाडीवर पेशंट. गाडी अर्धी आत, अर्धी बाहेर, दार सताड उघडं. आणि वर माझ्या कपाटात कुलूप ठणकावून सांगतंय, कडी बसली, जाऊ द्या. दाराचा रिले ओढला गेला नव्हता, म्हणून लिफ्ट हलली नाही. सिस्टर माझ्यावरच ओरडली, लिफ्ट बंद का म्हणून. तिला गोळी दिली पेपरमिंटची." अक्कांनी डब्याचे झाकण लावले. "काही झालंच नाही, म्हणून त्या दिवसाची कुठे नोंद नाही. ही चिठ्ठी तेवढी आहे. तुमच्या कोड्यात लिहिलंय, असं कधीच होत नाही. मी सही कशी करू त्याच्याखाली?"

साहेबांनी कुलूप डब्यावर ठेवले. मग ते कोपऱ्यातल्या खोक्यापाशी गेले. त्यात नवे पॅनल होते, आणि वर त्याचा नकाशा गुंडाळून ठेवला होता. तो त्यांनी जमिनीवर पसरला, गुडघे टेकले आणि एकेका रेषेवरून बोट फिरवत गेले. अक्काही चष्मा लावून शेजारी बसल्या.

"कडीची तार ही," साहेब म्हणाले. "आणि ही... ही दाराची. दोन्ही आहेत. एकापुढे एक."

"असणारच. पॅनल बनवणारा कधीतरी गच्चीवर चढला असेल."

"आणि कोडं?"

"कोडं कुणी बनवलं?"

साहेबांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि परत घातला. "मी," ते म्हणाले. "कळलं का अक्का?" आणि स्वतःच हसू लागले.

पण पंधराचे सोळा करणे त्यांच्या एकट्याच्या हातात नव्हते. त्यांनी कुलपाचा फोटो काढला, चिठ्ठीचा काढला, आणि वरिष्ठांना लिहितो म्हणाले. उत्तराला आठवडा लागेल.

तो आठवडा अक्कांनी मोठ्या शहाणपणाने काढला, म्हणजे असे बाहेरून दिसले. बुधवारी त्या गुपचूप तळघरात जाऊन पंपघर बघून आल्या. पंप घुर्रघुर्र करत होते. अक्कांनी डोळे मिटून ऐकले, दहा मिनिटे. घरी येऊन म्हणाल्या, "डावीकडच्याचं बेअरिंग जातंय. म्हणजे अगदीच मुका नाही तो."

सूनबाई आधी रागावली होती, एक गेट, एकच गेट, म्हणून. मग सहाव्या मजल्याची गोष्ट ऐकली आणि राग कुठे ठेवावा ते तिला समजेना. शेवटी तिने नवऱ्याला जहाजावर लांबलचक पत्र लिहिले. उत्तर आले, त्यात एकच ओळ सासूसाठी होती: 'आईला सांग, आमच्या जहाजावर सगळं दोन-दोन असतं.'

"बघ," अक्का म्हणाल्या. "पोटचा पोर आहे."

आठव्या दिवशी चष्मेवाले साहेब स्वतःच गच्चीवर आले. धापा टाकत, जिन्याने आले होते.

"लिफ्ट चालू आहे की," अक्का म्हणाल्या.

"घाईत लक्षातच नाही आलं." त्यांनी कागद पुढे केला. सहावे कोडे चुकीचे मांडले होते, असे कंपनीने मान्य केले होते. दार आणि कडी दोघांनाही विचारणारे उत्तर यापुढे बरोबर, आणि नुसत्या कडीवर विसंबणारे चूक. अक्कांचे गुण: सोळा. लिफ्टची देखभाल त्यांच्याकडेच.

अक्कांनी कागद तीनदा वाचला. चौथ्यांदा वाचायची गरज पडली नाही. त्यांनी चौथ्या खिशात हात घातला आणि साहेबांच्या उघड्या तोंडापुढे गोळी धरली.

घरी यजमान म्हणाले, "सोळा हवे होते आणि सोळाच? लग्नानंतर पहिल्यांदाच हिनं जास्तीचं काही ठेवलं नाही!"

पुढच्या महिन्यात जुने कपाट बंद झाले. शेवटची टक् झाली तेव्हा अक्का पाठमोऱ्या उभ्या होत्या, सवयीप्रमाणे. मग खोली इतकी गप्प झाली की त्यांना वळून बघावे लागले. नव्या पॅनलवर हिरवे-तांबडे दिवे लुकलुकत होते. पहिले दोन दिवस त्यांना चुकल्या-चुकल्यासारखे झाले. तिसऱ्या दिवशी दिव्यांकडे बघत त्या म्हणाल्या, "पाचव्यावर परत चार वेळा! तोच आहे हा मेला," आणि त्यांचे त्यांनाच बरे वाटले.

जुने चार रिले मात्र स्वयंपाकघराच्या टेबलावरून हलले नाहीत. तिथे आता सासू-सून मिळून खेळातला शेवटचा टप्पा, अख्खा कॉम्प्युटर, बनवत होत्या आणि अडल्या होत्या. एका संध्याकाळी सूनबाई म्हणाली, साहेबांनी सुधारलेले लिफ्टचे कोडे पाठवले आहे, जरा सोडवून बघते. कोष्टकात त्या ओळीपुढे आता लिहिले होते: 'असे सहसा होत नाही.' सूनबाईने ते वाचले की नाही कोण जाणे. तिचा हात चालतो भराभर. तिने सवयीने दाराची तार काढून टाकली, हिरवे बटण दाबले, आणि पडदा लाल झाला. एकही तारा नाही.

"आई! माझा पहिला भोपळा! तुमच्यामुळे!"

अक्कांनी मटार सोलता सोलता मानही वर केली नाही.

"मग ठेव ना ते गेट. जागा अडवतंय का?"